धुळेमार्गे कॅनडा

कॅनडाला जायचं असेल तर आधी धुळ्याला जावं लागतं, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं. आमची कुमुद टोरांटोला असते. आम्हा नवराबायकोला कायमचं तिकडे नेण्यासाठी तिने अर्ज केला होता. तो दिल्लीच्या कचेरीत दोन वर्षं मुरत पडला होता आणि त्या डिसेंबरात एकदम वर आला. बाकी सगळं मंजूर, फक्त वैद्यकीय तपासणी राहिली. तीही कोणत्याही डॉक्टरकडून चालणार नव्हती, कॅनडा सरकारने मान्य केलेलाच डॉक्टर हवा होता. पत्रासोबत मान्य डॉक्टरांची नावं होती. वर मुंबईचे, मग पुण्याचे आणि सगळ्यांच्या खाली धुळ्याचे एक. जळगाव नव्हतंच.

मी जळगावचा आहे. ज्या गावाला सोनं घ्यायला परगावची माणसं रेल्वेने येतात, ज्या जिल्ह्याची केळी दिल्लीपर्यंत वॅगनी भरून जातात, जिथे रेडिओ स्टेशन आहे, त्या गावात कॅनडाला एक डॉक्टर सापडू नये? आणि धुळ्यात सापडावा? नावं सुचली नाहीत म्हणून गल्ल्यांना नंबर देऊन मोकळं झालेलं ते गाव. पाटबंधारे खात्यात असताना माझी दोनदा तिकडे बदली झाली होती आणि दोन्ही वेळा मी ती शिताफीने रद्द करून घेतली होती. आता पूर्व खानदेशाने पश्चिम खानदेशापुढे शर्ट काढून उभं राहायचं होतं. हे मला फार लागलं.

"डॉक्टर धुळ्याचा असेना," मंदा म्हणाली, "कॅनडा तर कॅनडातच आहे ना?"

मंदाबाई म्हणजे आमचं कुटुंब. तिचं बोलणं असं असतं, त्यावर पुढे काही बोलता येत नाही.

तिला घाई होती आणि त्याला कारणही होतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कुमुदला दिवस राहिले होते. एप्रिलची तारीख होती. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी येते. पण कुमुदचं म्हणणं पडलं, इकडचे दवाखाने चांगले, आई, तूच ये. मंदाने दोन दिवस तोंड फुगवलं, मग डिंक आणि खारका निवडायला घेतल्या. पोरगी माहेरी येत नसेल तर आपण माहेर घेऊन जाऊ, असा तिचा हिशेब. फक्त कागदावर एक वाक्य होतं: दोघांपैकी एक जण तपासणीत नापास झाला तरी दोघांचाही अर्ज नापास. तो एक जण म्हणजे मी, यावर आमच्या घरात आणि कॉलनीत पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

तसं मला काही झालेलं नव्हतं. हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून बसून पोट जरा पुढे आलं होतं, जिना चढताना दम लागायचा आणि ब्लडप्रेशर कधी कधी वर जायचं. मंदाला मात्र कधी काही होत नाही. तिला आजारी पडलेलं मी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे तिच्या तयारीचा प्रश्नच आला नाही, सगळी तयारी माझी.

तयारी म्हटल्यावर शेजारी आलेच. भिंतीला भिंत लागून रुपचंदशेठ कापडवाले. त्यांच्या साडूने त्यांना ब्लडप्रेशर मोजायचं पाऱ्याचं यंत्र आणून दिलं होतं. तेव्हापासून कॉलनीतल्या एकाही माणसाचा दंड त्यांनी सोडला नव्हता. एकदा तर विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाचंच मीटर त्यांनी वाचलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा आवळला, भसाभस हवा भरली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "वरचं एकशे सत्तर. खालचं जरा दिसत नाही." मी घाबरलो. चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं तर एकशे तीस. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? शेठ म्हणाले, "सरासरी काढू." त्यानंतर ते रोज सकाळ-संध्याकाळ माझी सरासरी काढायला येऊ लागले आणि त्या भीतीनेच ती चढत गेली.

समोरच्या घरात तोताराम मास्तर. हे शाळेत ड्रिल शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे कवायत करवून घ्यायला कोणीच उरलं नव्हतं, त्यात देवाने माझी तपासणी काढली. पहाटे ते मला मेहरूण तलावावर चालायला नेत. स्वतः पुढे, मी मागे आणि माझ्या मागे तलावावरची कुत्री. मास्तर म्हणत, कुत्र्यांकडे लक्ष देऊ नका, श्वासाकडे द्या. तिसऱ्या दिवशी एका कुत्र्याने माझ्या धोतराकडे लक्ष दिलं आणि मी एकसष्टाव्या वर्षी असा पळालो की मास्तर मागे राहिले. त्यांनी ते प्रगती म्हणून धरलं.

मग जलनेती. नळीच्या भांड्यातून एका नाकपुडीत कोमट मिठाचं पाणी ओतायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. पण रुपचंदशेठांनी मला मीठ बंद केलं होतं. दोन्ही वैद्यांचा मान राखायचा म्हणून मी बिनमिठाचं पाणी ओतलं. ते दुसऱ्या नाकपुडीतून आलं नाही. ते डोळ्यांतून, कानांतून आणि माझ्या समजुतीप्रमाणे मेंदूतून फिरून घशात उतरलं. मी ओसरीवर लोळलो. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीठ नाकाने घेतलं तर पथ्य मोडत नाही, लीलाधरभाऊ." हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

झोपेचंही असंच झालं. कुमुदने पत्रात लिहिलं होतं, बाबा, झोप नीट घ्या, झोप नसली की प्रेशर वाढतं. मास्तरांनी कानात कापसाचे बोळे घालायला सांगितले. खानदेशात कापसाला काय तोटा. मी दोन्ही कान गच्च भरून रात्री नऊला आडवा व्हायचो, तो पहाटे मंदाने हलवल्यावरच उठायचो. उठलो की तिच्या हातात कारल्याच्या रसाचा पेला. तो रस ती माझ्याआधी उठून काढायची. मी पेला नाक दाबून प्यायचो आणि ती शेजारी उभी राहून माझं तोंड बघायची. हसायची नाही, हे खरंतर कौतुकास्पद होतं.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. निभावता आले नाहीत ते पाहुणे. माणूस परदेशी जातोय म्हटल्यावर त्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, हा आमच्या लेवा पाटलांचा धर्म आहे, आणि दिवस वांग्याच्या भरताचे होते. सावद्याला माझे चुलतभाऊ जीवरामआबा, केळीवाले. त्यांनी केळीच्या बागेत चुलवण मांडून तुरीच्या काटक्यांवर वांगी भाजली. भरत तेलात पोहत होतं, सोबत पुऱ्या, कळण्याची भाकरी, वर शिरा. बोदवडला मंदाचं माहेर. तिथे वरण-बट्टी. बट्टी तुपात बुडवून काढायची आणि पानात वाढल्यावर तिच्यावर पुन्हा तूप ओतायचं, नाहीतर वाढणाऱ्याची बदनामी होते. यावलला माझी थोरली बहीण सुगंधाअक्का. तिच्याकडे पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी उरलेली म्हणून पुन्हा झाली.

रुपचंदशेठांनी तूप, तेल, साखर, मीठ सगळं बंद केलं होतं, आणि पानात वाढलेलं नाही म्हणायची सोय नव्हती. सावद्याला मी पहिल्याच घासाला हात आडवा धरला तर आबा म्हणाले, "गेला नाही तवर साहेब झाला का रे?" सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली.

वाट मंदानेच काढली. आमच्या जुन्या माणसांत बायको नवऱ्याच्या मागून जेवते, नवऱ्याच्याच ताटात. घरी आम्ही ते कधीच सोडलं होतं, पण नातलगांकडे मंदा पाळायची. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही ताटात ठेवा. अन्न वाया जाणार नाही." मग मी दोन घास खायचो, बाकीचं वाढणाऱ्याच्या आग्रहाप्रमाणे घेत राहायचो आणि ताट तसंच ठेवून उठायचो. मागून मंदा त्या ताटावर बसायची. यजमानीण तिला तिचं वेगळं वाढायची ते निराळंच. शेवटी ताट चकचकीत व्हायचं, आबा खूश, अक्का खूश, माझं पथ्य शाबूत. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी बिनबोभाट फाइल मी कधी हलवली नव्हती. मी ही युक्ती तोताराम मास्तरांनाही सांगितली आणि त्यांनी मान डोलावली.

धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी माझ्या मनाने घेतलं की मुख्य परीक्षेआधी एक सराव परीक्षा व्हावी. म्हणून मी जळगावातच छातीचा एक्स-रे काढून घेतला. तो स्वच्छ निघाला. ते मोठं पिवळं पाकीट बगलेत मारून मी एसटी स्टँडसमोरून घरी येत होतो, तर यावल गाडीचा कंडक्टर भेटला, अक्काच्या गल्लीतला. त्याने विचारलं, "भाऊ, कोणाचा फोटो?"

"माझाच. छातीचा. उद्या धुळ्याला न्यायचाय."

एवढंच बोललो मी. गाडी सुटली.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला जातात. म्हणजे जावंच लागतं, न जाणाऱ्याशी पुढे दोन लग्नं बोलणं बंद राहतं. आणि डॉक्टरपुढे कोणी आजार कमी करून सांगत नाही. कालपासून ताप असेल तर आठवड्याचा सांगायचा, पोट दुखत असेल तर जीव जातोय म्हणायचं. कमी सांगितलं की डॉक्टर लक्ष देत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. जो जास्त माया करतो तो जास्त वाढवून सांगतो.

ती गाडी यावलला पोहोचेपर्यंत माझ्या छातीत काहीतरी निघालं होतं. सावद्याला बातमी गेली तोवर जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकून मला धुळ्याला हलवलं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळीच आबा आमच्या घरी खात्री करायला आले तर दाराला कुलूप. शेजारी रुपचंदशेठ. शेठ म्हणाले, "हो, डॉक्टरकडेच गेले धुळ्याला. परवा एकशे नव्वद होतं. खालचं दिसलं नाही." आणि दवाखान्याचा पत्ताही त्यांनीच दिला. हे मला मागून कळलं.

आम्ही आदल्या संध्याकाळीच धुळ्याला पोहोचलो होतो. मुक्काम धनसिंग पाटलाकडे. हा आमच्या खात्यातला जुना सहकारी, पक्का धुळ्याचा. माझ्या दोन्ही बदल्या मी रद्द केल्याचं त्याला ठाऊक होतं आणि तो आज त्याचा वचपा काढणार हे मी वाटेत एरंडोललाच ओळखलं होतं. त्याने दारातच हात जोडले.

"या, लीलाधरभाऊ. नोकरीसाठे धुळं चालनं नई तुमले. आते कॅनडानी वाट धुळावरथीन जास. तुमना जळगावमा डॉक्टर नई शे का?"

"आहेत. पण कॅनडाला पटले नाहीत," मी म्हणालो.

"धुळामा बठ्ठं शे," धनसिंग म्हणाला. बठ्ठं म्हणजे सगळं. मग तो आत ओरडला, "भागा, पाट मांड." भागाबाईंनी शेवभाजी केली होती, तिच्यावर बोटभर तर्री, आणि नंतर गव्हाच्या सांज्याचा शिरा. मी ठरल्याप्रमाणे ताटात ठेवलं. मंदा ठरल्याप्रमाणे त्यावर बसली. शिरा भागाबाईंनी तिला दोनदा वाढला.

सकाळी उपाशीपोटी आम्ही दवाखान्यात. एका नंबरवाल्या गल्लीत माडीवर होता. डॉक्टर बारीक, पांढऱ्या केसांचे, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी आम्हा दोघांचंही रक्त काढून घेतलं आणि मग मला आत बोलावलं. वजन केलं, उंची मोजली, जीभ पाहिली, खोकायला लावलं, वाकायला लावलं, कुठे कुठे वाकायला लावलं ते सांगत नाही. मी शर्ट काढून धोतरावर उभा होतो आणि जळगावची अब्रू पोट आत घेऊन सांभाळत होतो. मग त्यांनी पेन उघडलं.

"पूर्वी काही आजार?"

माझ्या जिभेवर आमच्या घराण्याची सवय आली होती. पण मी महिनाभर घोकलेलं उत्तर दिलं. "काही नाही."

"फिट्स? क्षय? छातीचं काही?"

"काही नाही."

डॉक्टरांनी लिहिलं, पेनाला टोपण लावलं, आणि तेवढ्यात जिन्यावर रडणं ऐकू आलं.

केळीची वाहतूक करणाऱ्या मॅटॅडोरमधून आली होती माणसं. जीवरामआबा, सुगंधाअक्का आणि मागे सावदा-यावलचे निम्मे भाऊबंद. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून केळीचा एक अख्खा घड दोघांनी धरून माडीवर चढवला होता. कंपाउंडर आडवा आला, त्याच्या हातात घड देऊन अक्का सरळ आत. मी उघडा उभा, समोर डॉक्टर, गळ्यात रबरी नळी. हे दृश्य पाहून तिने हंबरडाच फोडला.

"काय झालं रे भाऊ तुले? कोनाले सांगितलं नाही."

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"डाक्टरसाहेब," अक्का डॉक्टरांकडे वळली, "याच्या बोलन्यावर जाऊ नका. हा लहानपनापासून दुखनं लपोतो. याले फेफरं यायचं. डोये पांढरे करे."

हे एकदा झालं होतं, पाचव्या वर्षी, कीर्तनात झोप लागली होती म्हणून.

"छातीत पानी झालं व्हतं याच्या," आबांनी जोडलं. "आम्ही तं आशा सोडली व्हती."

मी विहिरीत पडलो होतो तेव्हा दोन घोट गेलं होतं ते पाणी.

"रक्त पडे," दारातून कोणीतरी म्हणालं. नाकातून, आंब्याच्या दिवसात, घोळणा फुटून. पण ते सांगायला मला कोण बोलू देतंय. मी जितकं म्हणे मी ठणठणीत आहे, तितकी ती माणसं जास्त रडत. डॉक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि लिहायला सुरुवात केली. मग काही न बोलता माझ्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली. मी पाऱ्याकडे पाहिलं. एकशे पंच्याण्णव. या वेळी खालचंही दिसलं आणि ते वरच्यापेक्षा वाईट वाटलं.

संपलं सगळं, असं मला वाटलं. टोरांटो, एप्रिल, डिंक, खारका, सगळं त्या काचेच्या नळीतून वर चढून बाहेर सांडलं.

तेव्हा मंदा आत आली. ती ओरडली नाही. तिने अक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अक्का, हे दुखणं दाखवायला नाही आले. हे धडधाकट आहेत असं लिहून घ्यायला आले आहेत, कॅनडासाठी. तुम्ही जेवढं सांगाल तेवढी माझी कुमू लांब जाईल."

अक्काने पदराने डोळे पुसले. आबांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "याले काय होतं, साहेब? रेडा आहे रेडा. मागच्या महिन्यात माझ्या केळीच्या मयात चाळीस पुऱ्या खाल्ल्या यानं."

"फेफरं याले नाही, ते आमच्या दुसऱ्या भावाले," अक्का म्हणाली. आम्हाला दुसरा भाऊच नाही.

"रक्त तं याच्या अंगात इतकं आहे साहेब, की जास्तीचं पडे," दारातल्याने सावरून घेतलं.

डॉक्टर जागचे उठले. त्यांनी बोटाने जिना दाखवला. सगळे खाली गेले, कंपाउंडर घडासकट. मला त्यांनी तासभर एका बाकावर पडून राहायला लावलं. मग एक्स-रे काढला आणि पुन्हा प्रेशर मोजलं. लिहिलेल्या पानावर त्यांनी आडवी रेघ मारली. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, ते हसू होतं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. "एकशे अडतीस. वयाच्या मानाने उत्तम," ते म्हणाले. "लघवी, रक्त, फुप्फुसं, सगळं उत्तम. आता बाईंना पाठवा."

मी जिना धावत उतरलो. दमही लागला नाही. मंदा वर गेली आणि खाली गल्लीत मॅटॅडोरपाशी सण सुरू झाला. आबांनी घड सोडवून केळी वाटली, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिली. धनसिंगही आला होता. "धुळाना डॉक्टरनी पास करं ना?" त्याने विचारलं आणि मी त्याला मिठी मारली, धुळ्यासकट. मी सगळ्यांना कारल्याचं सांगितलं, चालण्याचं सांगितलं, जलनेती करून दाखवायचीच राहिली होती. माणसाने मनावर घेतलं तर तब्येत कशी राखता येते यावर मी बोलत असताना कंपाउंडर वरून म्हणाला, "काका, डॉक्टर बोलावतात."

मंदा स्टुलावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. डॉक्टरांनी मला विचारलं, "डायबेटिस कधीपासून आहे?"

"मला?"

"बाईंना."

मी हसलो. खरंच हसलो. "तिला काही नाही, साहेब. ती कधी आजारीच पडत नाही."

त्यांनी साखरेचा आकडा सांगितला. मला त्यातलं कळत नाही, पण तो कॉलेजच्या खोलीचा नंबर असावा एवढा होता. पायाला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधुक होतं, हे ती त्यांना विचारल्यावर सांगून बसली होती. हे आजचं नाही, डॉक्टर म्हणाले, जुनं आहे, पण अलीकडे फार वाढलेलं दिसतंय. खाण्यात काही बदल झाला होता का?

मंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. तहान पण फार. मला वाटलं, वय झालं."

"मला उठवायचं नाही का?" मी म्हणालो.

"तुमच्या कानात कापूस."

सावद्याचा शिरा, बोदवडच्या बट्ट्या, अक्काच्या दोन दिवसांच्या पुरणपोळ्या आणि काल रात्रीचं भागाबाईंचं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी तब्येतीसाठी ताटात जे ठेवलं, ते तिने तब्येतीत घातलं. ही साखर तिने एकटीने कमावलेली नव्हती, तिच्यात माझा अर्धा हिस्सा होता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या शहाण्या माणसासमोर अत्यंत खुळ्यासारखं बोललो. म्हणालो, "साहेब, आमच्या दोघांची सरासरी नाही काढता येणार?"

"नाही," डॉक्टर म्हणाले, पण नीट म्हणाले, अपमान न करता. औषध सुरू करा, पथ्य पाळा, तीन महिन्यांनी पुन्हा या. तोवर दोघांचा अर्ज थांबेल. बाई बऱ्या होतील, घाबरण्यासारखं काही नाही. मी बोटांवर महिने मोजायला लागलो, मंदाने ते आधीच मोजले होते.

खाली आल्यावर मी सांगितलं. एवढी रडणारी माणसं ती, पण आता खरं दुखणं निघालं तर एकही रडलं नाही. सुगंधाअक्काने मंदाला मॅटॅडोरच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिली. आबांनी उरलेली केळी गोणपाटाखाली झाकली. धनसिंग म्हणाला, "चाला, वहिनी, घर चाला. भागा बिनसाखरना चहा करी." कोणी परत जायचं नावच काढेना. सगळी दुपार ती माणसं धनसिंगच्या ओसरीवर बसून होती.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली असेल अशा बेताने, आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. मागोमाग सगळे आले. कुमुदला फोन म्हणजे रिसीव्हर माझ्या हातात, मी ओरडून बोलायचं आणि मंदाने बाजूने सांगायचं, विचारा जेवली का, विचारा थंडी किती. असंच होत आलं होतं. मी नंबर फिरवला, घंटा वाजली, कुमुदचा आवाज आला. मंदाने रिसीव्हर माझ्या हातून काढून घेतला.

"कुमू, मी बोलते. बाबा पास झाले. मी राहिली. काही मोठं नाही गं, साखर आहे, होईल कमी. पण आता आमचं येणं तुझं बाळ रांगायला लागल्यावर. तवा ऐक. विमानात बसू देतात तोवर तू ये. सातवा लागायच्या आत ये."

पलीकडून कुमुद बरंच काही बोलत असावी. मंदा ऐकत होती.

"तिकडचे दवाखाने चांगलेच असतील, मी कुठे नाही म्हणते? पण तुझ्यासोबत दवाखान्यात येईल कोण? जावई, अजून कोण?" मंदाने बूथच्या काचेतून बाहेर पाहिलं. आबा, अक्का, धनसिंग, भागाबाई, सगळे काचेला नाक लावून आमच्याकडे बघत उभे होते. "इथे गाडी करून येतात माणसं. न बोलावता येतात. डॉक्टरपुढे काहीबाही सांगतात, डोकं उठवतात. पण येतात, बाई."

मग तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मी खुणेने विचारलं, काय म्हणते? मंदाने रिसीव्हरवर हात ठेवला.

"रडू राह्यली," ती म्हणाली. "म्हणजे येते आता."